नाताळच्या सुट्टीत सोसायटीचे खेळ आणि गाण्याची संध्याकाळ: पहिल्यांदाच भरवणाऱ्यांसाठी

सोसायटीत डिसेंबरअखेर काहीतरी करू या असं ठरलं की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडतो आणि आठवड्याभरात सगळं काम दोन-तीन जणांच्या गळ्यात येतं. हा लेख त्या दोन-तीन जणांसाठी आहे. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत हिवाळ्यातले सामने आणि गाण्याची संध्याकाळ भरवण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे. पोलीस ठाण्यातला अर्ज, ड्रॉ, तबल्याची पट्टी, उरलेल्या पैशांचा हिशेब, हे सगळं हातून गेलेलं आहे.

सुरुवातीलाच एक कसोटी सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय मी तिच्यावर घासून घेतो: बघणाऱ्यांपेक्षा भाग घेणारे जास्त झाले पाहिजेत. मांडव लहान असला, करंडक साधा असला तरी चालतं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजी कॅरम खेळल्या नाहीत आणि सिक्युरिटीच्या दादांचा मुलगा धावला नाही, तर तो कार्यक्रम मोजक्या हौशी लोकांचा झाला, सोसायटीचा झाला नाही.

१. तारीख: कॅलेंडर आणि पंचांग दोन्ही उघडा

पहिला सापळा इथेच आहे. ‘नाताळची सुट्टी’ सगळ्या मुलांना सारखी नसते. बऱ्याच इंग्रजी माध्यमाच्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते, पण राज्य मंडळाच्या अनेक शाळांना २५ डिसेंबर एवढा एकच दिवस मिळतो. शिवाय याच महिन्यात शाळांची स्नेहसंमेलनं असतात. म्हणून सलग पाच दिवस धरण्याऐवजी २५ डिसेंबर आणि त्याच्या जवळचे शनिवार-रविवार धरा. गुरुवारची संध्याकाळ शक्यतो टाळा. मार्गशीर्षातले गुरुवार करणाऱ्या घरांत त्या वेळी पूजा आणि हळदीकुंकू असतं, आणि तुमचे निम्मे गाणारे तिकडे असतात.

धनुर्मासाचा मात्र फायदा होतो. साधारण १६ डिसेंबरपासून मकरसंक्रांतीपर्यंत लग्नांचे मुहूर्त कमी असतात, त्यामुळे मांडववाला आणि खुर्च्यावाला मोकळा असतो आणि दरही ऐकून घेतो. साउंडवाल्याचं तसं नाही. स्नेहसंमेलनं आणि ३१ डिसेंबर यांत तो अडकलेला असतो. त्याला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाठा आणि थोडा तरी इसार देऊन ठेवा. नुसत्या ‘हो’वर राहू नका.

३१ तारखेच्या रात्री खेळ किंवा गाणं ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. त्या रात्री लोक आपापल्या घरी किंवा गावाला असतात, पोलिसांवर ताण असतो आणि परवानगीला वेळ लागतो.

२. माणसं: पाच खाती, पाच नावं

मोठी समिती करू नका. पाच जण पुरतात, पण प्रत्येकाकडे एकच खातं हवं आणि त्या खात्याचा शेवटचा शब्द त्याचाच हवा: खेळ, गाणं, पैसा, परवानग्या व सुरक्षा, खाणं. पैसा सांभाळणारा आणि खर्च करणारा एकच माणूस नसावा. यात अविश्वासाचा प्रश्न नाही. कोणी विचारलं तर उत्तर द्यायला दोन तोंडं असावीत, एवढंच.

प्रत्येक विंगेतून एक माणूस नोंदणीसाठी घ्या. हा माणूस फोनवर नव्हे, दारावर जाणारा हवा. ग्रुपवर फॉर्मची लिंक टाकली की नेहमीचेच लोक भरतात. भाड्याने राहणारी घरं, नव्याने आलेली कुटुंबं आणि मराठी नीट न येणारे शेजारी बेल वाजवल्याशिवाय येत नाहीत. दारात उभं राहून ‘काकू, तुम्ही लंगडी खेळायच्या ना?’ एवढं विचारलं तरी नाव मिळतं.

३. पैसा: आधी ठराव, मग वर्गणी

सोसायटीच्या खात्यातून एक रुपया वापरायचा असेल तरी कमिटीच्या बैठकीत ठराव करून इतिवृत्तात लिहून घ्या. सिंकिंग फंडाला तर हात लावायचाच नाही. तो इमारतीच्या मोठ्या कामांसाठी असतो. सोपा मार्ग म्हणजे घरटी वर्गणी, तीही ऐच्छिक. ज्याने दिली नाही त्याच्या मुलाला खेळू द्यायचं की नाही, हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतं. उत्तर आधीच ठरवून ठेवा: खेळू द्यायचं.

दुकानदार किंवा बिल्डर बॅनरच्या बदल्यात पैसे देत असेल तर घ्या, पण बॅनर आवाराच्या आतच लावा. रस्त्यावर फलक लावायला महापालिकेची परवानगी लागते. तिकीट मात्र लावू नका. त्याचं कारण पुढच्या पायरीत येतं.

खर्चाचा सर्वांत मोठा आकडा बहुतेक वेळा साउंडचा असतो, त्यानंतर खाणं आणि मग मांडव-खुर्च्या. बक्षिसांवर लोक उगाच जास्त खर्च करतात. अंदाजपत्रकात दहा टक्के रक्कम ‘किरकोळ’ म्हणून बाजूला ठेवा. ती संपतेच.

४. परवानग्या: लोक इथेच घाबरतात

नुसते खेळ स्वतःच्या आवारात असतील आणि लाउडस्पीकर नसेल, तर कमिटीचं लेखी पत्र पुरतं. लाउडस्पीकर आला की पोलिसांची लेखी परवानगी आली. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० यांत हे स्पष्ट आहे. त्यातल्या चार गोष्टी तोंडपाठ ठेवा.

एक, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. बंदिस्त सभागृहाला सूट आहे, पण टेरेस किंवा पार्किंग म्हणजे बंदिस्त सभागृह नव्हे.

दोन, राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. ते दिवस कोणते, याची यादी जिल्हा प्रशासन जाहीर करतं. तुमची तारीख त्या यादीत आहे असं गृहीत धरू नका, यादी बघा.

तीन, निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ आहे. खासगी जागेतल्या साउंडचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. म्हणजे स्टेजजवळ किती मोठा वाटतो, याला महत्त्व नाही. कंपाउंडच्या भिंतीपाशी उभं राहून ऐकायचं.

चार, रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्रात येऊ शकतो. मागच्या गल्लीत छोटं हॉस्पिटल असेल तर अर्जाआधीच चौकशी करा.

अर्ज तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे द्यायचा. किमान पंधरा दिवस आधी जा. दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेऊनच परत या. ‘ठेवून जा, बघतो’ असं ऐकलं तरी शिक्का मागायला संकोच करू नका. तो मागणं रीतसर आहे, कोणी रागावत नाही. सोबत हे न्या:

– कमिटीच्या ठरावाची प्रत आणि सोसायटीच्या लेटरहेडवरचं पत्र
– कार्यक्रमाची तारीख, सुरू होण्याची व संपण्याची वेळ, अंदाजे किती माणसं येणार
– दोन जबाबदार व्यक्तींची नावं, फोन नंबर आणि ओळखपत्रांच्या प्रती
– आवाराचा हाताने काढलेला साधा नकाशा: स्टेज कुठे, स्पीकरची तोंडं कुठे, फाटक कुठे
– साउंडवाल्याचं नाव आणि तो आणणार असलेल्या साहित्याची यादी
– मांडव रस्त्यावर किंवा फुटपाथवर येत असेल तर महापालिकेची आणि वाहतूक शाखेची वेगळी परवानगी

शेवटच्या ओळीबद्दल माझा सल्ला: मांडव रस्त्यावर आणूच नका. एका ओळीच्या हट्टापायी तीन कार्यालयांत खेटे घालावे लागतात.

आता गाण्यांच्या हक्कांबद्दल. याविषयी ऐकीव माहितीच जास्त फिरते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये दोन सवलती आपल्या कामाच्या आहेत. हौशी मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांसमोर गाणं किंवा नाटक सादर केलं तर तो हक्कभंग ठरत नाही. तसंच निवासी इमारतीतल्या रहिवाशांच्या सामाईक बंदिस्त खोलीत किंवा हॉलमध्ये, त्यांच्या सोयीचा भाग म्हणून ध्वनिमुद्रित गाणं वाजवलं तर चालतं. म्हणजे रहिवासी स्वतः पेटी-तबल्यावर गात असतील आणि तिकीट नसेल, तर तुम्ही निर्धास्त. पण बाहेरचा व्यावसायिक ऑर्केस्ट्रा आणलात, तिकीट लावलंत किंवा उघड्यावर डीजे ठेवलात, की परवाना लागू शकतो. गीत-संगीताचे हक्क पाहणारी संस्था म्हणजे आयपीआरएस, आणि अनेक कंपन्यांच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क पाहणारी पीपीएल. उघड्यावर कराओके ट्रॅक वाजवायचा असेल तर तोही ध्वनिमुद्रणच, हे लक्षात घ्या. कराओके क्लबहाउसच्या आत ठेवलं की ही डोकेदुखी बरीच कमी होते, शिवाय आवाजाचाही प्रश्न सुटतो.

छापील एकांकिका करणार असाल तर लेखकाला विचारून, मानधन देऊन करा. आपल्याकडची ही चांगली रीत आहे, ती मोडू नये.

५. खेळ आणि ड्रॉ

हा या कामाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

खेळ सहा-सातच निवडा, पण प्रत्येक वयाला एक तरी हात धरून मैदानात आणेल असा निवडा. आमच्याकडे टिकलेली यादी अशी: अंडरआर्म क्रिकेट, बॅडमिंटन दुहेरी, कॅरम, लगोरी, लंगडी, लहानांच्या शर्यती, आणि शेवटच्या दिवशी रस्सीखेच. विटीदांडू मनापासून आवडता असला तरी आवारात नको. डोळ्यांना धोका आहे आणि गाड्यांच्या काचा वेगळ्याच. खो-खोला साधारण २७ बाय १६ मीटर मोकळी माती लागते. तेवढी असेल तर जरूर ठेवा, पण पेव्हर ब्लॉकवर खो-खो किंवा कबड्डी कधीच नको. गुडघे फुटतात.

क्रिकेटचे संघ कसे करायचे, यावरून पुढचे तीन दिवस कसे जाणार ते ठरतं. विंग विरुद्ध विंग केलं तर पार्किंगची जुनी भांडणं बॅट घेऊन उतरतात. हल्ली लिलावाची टूम निघाली आहे, खोट्या पैशांनी खेळाडू विकत घ्यायचे. ऐकायला मजेशीर आहे, पण शेवटी ज्यांच्यावर बोली लागत नाही त्यांचे चेहरे बघा. त्यात बहुतेक वेळा पन्नाशीचे काका, नुकत्याच राहायला आलेल्या ताई आणि दहा वर्षांची पोरं असतात, आणि आपल्याला तर तेच हवे आहेत. म्हणून चिठ्ठ्या टाका. चार डबे घ्या: चौदाखालची मुलं, स्त्रिया, पन्नाशीपुढचे, आणि बाकीचे. प्रत्येक संघाला प्रत्येक डब्यातून ठरावीक चिठ्ठ्या मिळतात. सगळ्यांसमोर काढा म्हणजे कोणाची तक्रार राहत नाही. नियम एवढाच ठेवा की मैदानात उतरलेल्या प्रत्येकाला गोलंदाजी मिळालीच पाहिजे.

आता सामन्यांची रचना. सरळ बाद पद्धतीत आठ संघ असतील तर सात सामन्यांत स्पर्धा संपते. पण पहिल्याच सकाळी चार संघ घरी जातात, म्हणजे निम्मी माणसं नऊ वाजता मोकळी होतात आणि परत फिरकत नाहीत. त्याऐवजी चार-चार संघांचे दोन गट करा. प्रत्येक गटात सहा सामने, म्हणजे एकूण बारा, मग दोन उपांत्य आणि एक अंतिम. पंधरा सामने झाले, पण प्रत्येक संघाला किमान तीन खेळायला मिळाले. पाच षटकांचा अंडरआर्म सामना, संघांची अदलाबदल धरून, चाळीस मिनिटांत होतो. पंधरा सामने म्हणजे दहा तास. हे दोन दिवसांत बसतं, एका दिवसात नाही. डिसेंबरअखेर पुण्या-मुंबईकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. साडेपाचनंतर चेंडू दिसत नाही, म्हणून शेवटचा सामना पावणेपाचला सुरू झालाच पाहिजे, असं वेळापत्रक उलटं मांडत आणा.

बॅडमिंटनला जोड्या बऱ्याच येतात, म्हणून तिथे बाद पद्धतीशिवाय इलाज नसतो. संख्या २, ४, ८, १६, ३२ अशी नसेल तर वरची जवळची संख्या घ्या आणि फरकाइतके बाय (म्हणजे पहिली फेरी न खेळता थेट पुढे) द्या. २२ जोड्या आल्या तर ३२ वजा २२, म्हणजे दहा बाय. हे बायसुद्धा चिठ्ठीनेच काढा, ‘चांगल्या’ खेळाडूंना वाटू नका. सुरुवातीच्या फेऱ्या २१ गुणांच्या एकाच गेमच्या ठेवा, तीन गेम फक्त अंतिम सामन्याला. पहिल्याच फेरीत हरणाऱ्यांची वेगळी छोटी स्पर्धा लावा. आमच्याकडे तिलाच जास्त गर्दी असते. उघड्या कोर्टवर सामने सकाळी दहाच्या आत उरका, नंतर वारा सुटतो. प्लॅस्टिकच्या शटलवर रंगीत पट्टी असते: हिरवी मंद, निळी मध्यम, लाल वेगवान. थंडीत हवा दाट असल्याने शटल आखूड पडतं, म्हणून पहाटेच्या सामन्यांना हिरव्या पट्टीचं शटल नको.

कॅरमला लोक दुय्यम समजतात. माझ्या मते तोच सगळ्यांत जास्त माणसं जोडतो, कारण आजोबा आणि सातवीतली मुलगी तिथे बरोबरीने बसतात. नियमाप्रमाणे २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा (एक डाव म्हणजे एक बोर्ड) गेम खेळलात तर रात्र होईल. चार बोर्ड किंवा वीस मिनिटं, जे आधी होईल ते, असा नियम करा. कॅरमबोर्ड लॉबीत ठेवा, वर प्रकाश पडेल असा दिवा लावा आणि पावडरचे डबे जास्तीचे आणा.

लहान मुलांचे वयोगट इयत्तेवर नाही, जन्मतारखेवर करा. लिंबू-चमचा, पोत्यातली शर्यत आणि संगीत खुर्ची यांत सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला काहीतरी हातात द्या. दहा वर्षांवरच्यांना मात्र खरंखुरं हरू द्या.

सामन्यांसाठी लागणारं साहित्य: चुन्याची फक्की आणि दोरी, लांब मोजपट्टी, दोन शिट्ट्या, स्टॉपवॉच, टेनिसचे किंवा रबरी चेंडू डझनाने, जास्तीची जाळी, गुणपत्रिका लावायला कार्डबोर्ड आणि क्लिपा, जाड मार्कर, पाण्याचे जार आणि ज्याचे त्याचे पेले. पंच बाहेरून आणा, निदान शेजारच्या सोसायटीतून. आपल्या माणसाने आपल्याच माणसाला बाद दिलं की त्याचे पडसाद पुढच्या वार्षिक सभेत उमटतात.

६. सुरक्षा: चार गोष्टी, पण सोडायच्या नाहीत

रस्सीखेच दिसते तेवढी निरुपद्रवी नसते. दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही, हे प्रत्येक फेरीआधी मोठ्याने सांगा. ताण सुटला की गुंडाळलेली बोटं जायबंदी होतात. नायलॉनची स्वस्त दोरी ताणली जाते आणि तुटल्यावर चाबकासारखी उलटते. मुठीत भरेल असा जाड, न ताणला जाणारा दोर आणा. स्पर्धेच्या दोराचा घेर १० ते १२.५ सेंटिमीटर असतो. एका बाजूला आठ जण. ‘अजून दोघं येऊ दे’ हा आग्रह मानू नका.

थंडीच्या सकाळी चाळिशीपुढचा माणूस उठून थेट धाव काढतो तेव्हा पोटरी किंवा मांडीमागचा स्नायू धरतो. प्रत्येक सामन्याआधी दहा मिनिटं सगळ्यांना हलकं पळवा आणि हात-पाय मोकळे करून घ्या. छातीत दुखणं, डाव्या हातात कळ, अचानक घाम, चक्कर यांतलं काहीही दिसलं तर सामना थांबवा आणि १०८ ला फोन करा. ‘गॅस असेल’ म्हणून बसवून ठेवू नका. प्रथमोपचाराच्या पेटीत बर्फाचे पॅक, क्रेप बँडेज, जंतुनाशक आणि ओआरएस असावं. आपल्या सोसायटीतल्या डॉक्टरांना त्या दिवशी कोण किती वाजेपर्यंत घरी आहे ते विचारून कागद पेटीवरच चिकटवा.

अग्निशमन गाडीचा रस्ता मांडवाने, खुर्च्यांनी किंवा पाहुण्यांच्या गाड्यांनी अडवू नका. त्यासाठी फाटकावर एक माणूस उभा करा. सिक्युरिटीवाल्यांवर ढकलू नका, त्यांनाही त्या दिवशी खेळू द्यायचं आहे.

७. गाण्याची संध्याकाळ

सहा ते साडेनऊ. दहाला साउंड बंद म्हणजे शेवटचं गाणं साडेनऊच्या आत संपलं पाहिजे, उरलेला अर्धा तास बक्षिसं आणि आभार खातात. एका गाण्याला निवेदन धरून आठ मिनिटं लागतात. म्हणजे पंचवीसच्या आसपास गाणी. तीस नावं आली तर प्रत्येकाला एकच गाणं, आणि काही द्वंद्वगीतं व समूहगीतं. ‘चांगलं गातो म्हणून याला तीन’ असं केलंत की इतर दोघांची संधी गेली.

नाव घेतानाच दोन गोष्टी लिहून घ्या: कोणतं गाणं आणि कोणती पट्टी, म्हणजे कोणत्या सुरावरून गाणार. ज्यांना पट्टी माहीत नाही त्यांना पेटीवाल्यासमोर बसवून गाऊन घ्या. यात टाळाटाळ केलीत तर रंगाचा बेरंग होतो. पेटीवाला स्वर बदलून घेईल, पण पेटीच्या पहिल्या काळ्या सुराला, म्हणजे काळी एकला, लावलेला तबला पाचव्या पांढऱ्या सुराला, म्हणजे पांढरी पाचला, चढत नाही. निदान दोन तबले लागतात, एक खालच्या पट्टीचा आणि एक वरच्या. म्हणून गाण्यांचा क्रम लावताना एका पट्टीची गाणी शक्यतो पाठोपाठ घ्या. दर गाण्याला तबला लावायची हातोडी वाजत राहिली की लोक उठून चहाला जातात. उघड्यावर संध्याकाळी दमट गारवा पडला की तबल्याची पुडी (वरचं चामडं) सैल पडून सूर उतरतो, तेव्हा वादकांच्या डोक्यावर छत हवंच आणि तबले गाण्याआधी उघड्यावर ठेवू नका.

वादक बाहेरचे बोलावलेत तर मानधन, जाण्या-येण्याचा खर्च आणि जेवण आधीच स्पष्ट बोला. आणि ते मानधन कार्यक्रम संपताच हातात द्या. ‘उद्या पाठवतो’ हे कलाकाराला ऐकवू नये.

तालमी दोन पुरे: पहिली आठवडाभर आधी नुसत्या पेटीवर, दुसरी आदल्या दिवशी पूर्ण साथीनं. तालमीला न येणाऱ्याला मंचावर सोडायचं की नाही? मी सोडतो, पण पहिल्या तासात नाही.

क्रमवारीत लहान मुलं सर्वांत आधी, नाहीतर आठ वाजता ती आईच्या मांडीवर झोपतात. त्यानंतर वयस्कर मंडळी, कारण गारठा वाढला की आवाज बसतो आणि त्यांना घरी जायची घाई होते. मधल्या भागात पहिल्यांदाच गाणारे, दोन्ही बाजूंना तयारीच्या गायकांचा आधार ठेवून. निवेदकाला एकच सूचना: प्रत्येक गायकाचं नाव आणि विंग नीट सांगा, मोठमोठे विनोद नकोत. खूप जणांना शेजारच्या इमारतीत कोण राहतं ते त्या संध्याकाळीच पहिल्यांदा कळतं.

समोर गाद्या-सतरंज्यांची बैठक आणि मागे खुर्च्या अशी रचना करा. नुसत्या खुर्च्या मांडल्या तर पहिल्या दोन रांगा रिकाम्या राहतात. मुलं बैठकीवर आली की आई-वडील आपोआप पुढे सरकतात.

८. साउंड आणि वीज

साउंडवाल्याला ‘मोठा सेट’ असं सांगू नका. अडीचशे माणसांच्या आवारात दोन स्पीकर, गायकांसाठी एक मॉनिटर (त्यांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेला स्पीकर), चार ते सहा माइक आणि समजूतदार ऑपरेटर एवढं पुरेसं असतं. स्पीकरची तोंडं इमारतीच्या भिंतीकडे नव्हे, श्रोत्यांकडे आणि किंचित खाली. माइकने शिट्टी मारली तर माइकचं तोंड मॉनिटरकडे किंवा स्पीकरकडे वळलं आहे का, ते आधी पाहा. साउंड तपासणी दुपारी चारलाच, प्रेक्षक यायच्या आत.

साउंड आणि रोषणाई एकाच जोडणीवर घेतली की स्पीकरमधून गुणगुण येते आणि कधी सगळंच बंद पडतं. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला त्या दिवशी बांधून ठेवा. कॉमन मीटरवर किती भार चालेल, लिफ्ट आणि पाण्याचा पंप सुरू झाल्यावर काय होईल, हे त्याच्याकडून आदल्या दिवशी तपासून घ्या. उघड्यावरच्या प्रत्येक जोडणीला अर्थिंग आणि गळती झाली की पुरवठा तोडणारा ब्रेकर हवा. वायर मुलांच्या पायात येणार नाही अशी नेऊन वर चटई टाका.

९. खाणं

बाहेरचा केटरर नको, घरोघरचे स्टॉल ठेवा. साबुदाणा वडा, मिसळ, चहा आणि थालीपीठ एवढ्यावर संध्याकाळ निघते. आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांची कलकल (नाताळचा तळलेला गोड पदार्थ) आणि केक पहिल्या तासात संपतात, त्यांना जास्तीचं टेबल द्या. याच दिवसांत हुरडा येतो. गुळभेंडी किंवा सुरती ज्वारी मिळाली तर शेंगदाण्याच्या चटणीबरोबर लोक तुटून पडतात. हुरडा भाजायची आगटी मात्र मांडवापासून लांब, मातीवर, आणि शेजारी वाळूच्या व पाण्याच्या बादल्या. आगीपाशी मुलांना एकटं सोडू नका.

स्टॉल लावणाऱ्यांची मुलं आणि नवरे त्यांना दर तासाला सुट्टी देतील अशी पाळी लावा. नाहीतर ज्या काकू सुंदर गातात त्या दिवसभर तळणीपाशीच राहतात.

१०. बक्षिसं

चकचकीत प्लॅस्टिकचे करंडक वर्षभरात धूळ खातात. फिरती ढाल एक करा, तिच्यावर दरवर्षी नावं कोरा आणि ती सोसायटीच्या कार्यालयात लावा. बाकीच्यांना डबा, पुस्तक, रोप असं वापरता येईल ते द्या. रोख रक्कम नको. भाषणं फक्त दोन, आणि बक्षिसं नगरसेवकांऐवजी सफाई कामगार, सिक्युरिटी आणि सोसायटीतले सर्वांत वयस्कर रहिवासी यांच्या हस्ते द्या. पाहुण्यांची वाट बघत बसावं लागत नाही, हा एक फायदा. टाळ्या किती मनापासून पडतात ते तुम्हीच ऐका.

११. दुसऱ्या दिवशी

सकाळी आठ वाजता खुर्च्या मोजून परत, मैदान साफ, चुना धुतलेला. उसनं आणलेलं साहित्य त्याच दिवशी ज्याचं त्याच्या घरी.

हिशेब आठ दिवसांच्या आत नोटीस बोर्डावर लावा: जमा, खर्च, बिलांचे क्रमांक, उरलेली रक्कम. उरलेले पैसे पुढच्या वर्षासाठी ठेवायचे की जाळी-चेंडू घ्यायचे, हे कमिटीच्या बैठकीत ठरवा.

एक फाइल करा आणि तिच्यात हे घाला: पोलीस परवानगीची प्रत, ठराव, साउंड-मांडव-वादक यांचे फोन आणि दिलेले दर, सामन्यांचं प्रत्यक्षात चाललेलं वेळापत्रक, गायकांची नावं आणि त्यांच्या पट्ट्या, कोणता खेळ रंगला आणि कोणत्याला माणसंच मिळाली नाहीत. ही फाइल कमिटीच्या कपाटात ठेवू नका, ती सापडत नाही. पुढच्या वर्षी ज्यांना हे काम करायचं आहे, त्यांच्यातल्या एकाला हिशेबाच्या बैठकीतच गाठा आणि त्याच्या हातात द्या. शक्यतो तो माणूस यंदा दार वाजवून आणलेल्यांपैकी असावा.